गोल पोटाचं गणित

काही वर्षांपूर्वी सांगलीकडच्या एका लहान कागद कारखान्यात जायचा योग आला. वेष्टनाचा तपकिरी कागद आणि पुठ्ठा करणारा कारखाना. कच्चा माल म्हणजे उसाचं चिपाड, गव्हाचं काड आणि गावोगावची रद्दी. फाटकातून आत गेलं की आधी चिपाडाचे ढीग, मग वास, आणि मग पत्र्याच्या शेडखाली दोन बाजूंच्या आधारांवर तोललेला लोखंडाचा एक भला थोरला गोळा. व्यास सुमारे ३ मीटर; एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला तर डोकं माथ्याला टेकेल एवढा. मला तो आधी स्थिरच वाटला. बोलता बोलता लक्षात आलं की त्याच्या तोंडावरचं, बोल्टांनी आवळलेलं झाकण मघाशी कमरेच्या पातळीला होतं, ते आता डोक्यावर गेलंय. गोळा फिरत होता, पण एका फेऱ्याला दोन मिनिटं लागावीत इतक्या सावकाश.

"मामा, आत काय चाललंय?" मी तिथल्या जुन्या मिस्त्रींना विचारलं.

"शिजतंय," ते म्हणाले. "चिपाड, कॉस्टिक आन् वाफ. चार तास झालं. आजून तासभर घेईल."

त्यांनी ढिगातलं मूठभर चिपाड माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, तोडा. तुटलं, पण एक कुसळ बोटात ठेवून गेलं. मग शेजारच्या टाकीतून आधीच्या पाळीचा शिजलेला लगदा काढून दिला. गर्द तपकिरी, जास्त शिजलेल्या शेवयांसारखा. दोन बोटांत धरला की आपोआप धागा धागा सुटत होता. बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत झाली, कारण लगदा अजून धुतलेला नव्हता आणि उरलेला कॉस्टिक सोडा माझ्याच कातडीवरच्या तेलाचा साबण करत होता. मामांनी न सांगता पाण्याची बादली पुढे सरकवली.

त्या गोळ्याला कारखान्यात सगळे 'डायजेस्टर' म्हणतात, म्हणजे पचवणारा. आतला माल मात्र 'शिजतो'. शिजवणं आणि पचवणं यांत घोटाळा झालाय असं वाटेल. घोटाळा नाही. संस्कृतातला 'पच्' हा धातू दोन्ही अर्थांचा आहे. त्याच्यापासून चुलीवरचा 'पाक' आणि 'पक्वान्न' आलं आणि पोटातलं 'पचन'ही आलं. झाडावर फळ 'पिकतं' तेही त्याच घरातलं. ग्रीकमध्ये याच मुळाचा शब्द शिजवणं आणि पचवणं अशा दोन्ही अर्थांनी वापरत. त्यावरूनच १८३६ मध्ये थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञानं जठररसातल्या पाचक द्रव्याला 'पेप्सिन' नाव दिलं. तेच मूळ लॅटिनमधून फिरत इंग्रजीत गेलं आणि तिथून आपल्या ओट्यावर आलं, ते 'कुकर' होऊन. पचन, पेप्सिन आणि कुकर ही एका आजीची नातवंडं आहेत.

आपल्याकडच्या रसशास्त्रानं तर हे रूपक फार लांबवर नेलं. पाऱ्यावर करायच्या अठरा संस्कारांत 'जारण' नावाचा एक संस्कार आहे. त्यात पारा सोनं किंवा अभ्रक यांचा 'ग्रास' घेतो आणि तो जिरवतो. त्याआधी पाऱ्याला भूक लागावी लागते. अशा पाऱ्याला 'बुभुक्षित' म्हणत. आधुनिक रसायनशास्त्र म्हणेल की पारा सोनं खात नाही, त्याच्याशी मिश्रधातू करतो. ते खरंच आहे. पण बंद भांडं, मंद आच आणि वाट पाहणं हे तिन्ही जिथे एकत्र आले, तिथे माणसाला आपलं पोट आठवलं, एवढं यातून कळतं. 'जिरणं', 'जीर्ण', 'अजीर्ण' हे शब्दही या जारणाचेच सोयरे.

तर चिपाडाचं काय जिरतं? वनस्पतीच्या अंगात सेल्युलोजचे लांब धागे असतात आणि ते एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन नावाचं चिवट द्रव्य असतं. बांधकामातल्या सळया आणि सिमेंट म्हणा. आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८३८ मध्ये यातलं सेल्युलोज वेगळं काढून दाखवलं. कागदाला हवे असतात ते धागे. गरम कॉस्टिकमध्ये लिग्निन विरघळतं, सेल्युलोज बरंचसं टिकून राहतं, आणि गोळ्यातून बाहेर येतो तो मोकळ्या धाग्यांचा लगदा आणि लिग्निनचं काळं पाणी. पचन म्हणजे नासवणं नव्हे. ज्यानं बांधून ठेवलंय ते सोडवायचं आणि हवं ते हाती राहू द्यायचं. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना याच क्रियेला तेच नाव आहे: गरम कॉस्टिकमध्ये ॲल्युमिना विरघळतं आणि लोहाचा लाल चिखल मागे राहतो.

हे काम उघड्या कढईत का होत नाही? होतं, पण फार वेळ लागतो. उघड्यावर पाणी १०० अंशांपुढे जात नाही; कितीही जाळ घाला, जास्तीची उष्णता वाफ होऊन उडून जाते. वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि दाबाखालचं पाणी १२०, १५०, १७० अंशांपर्यंतही द्रवच राहतं. तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रात एक ढोबळ आडाखा आहे. घरच्या कुकरमधलं पाणी १२० अंशांच्या जवळ जातं, म्हणजे वेग अंदाजे चौपट. तूरडाळ वीस मिनिटांत मोडते ती त्यामुळे.

ही युक्ती पहिल्यांदा नीट साधली ती दनी पापँ या फ्रेंच माणसानं. तो पॅरिसला हायगेन्स आणि लंडनला रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करून तयार झालेला. १६७९ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे जाड बिडाचं एक घट्ट झाकणाचं भांडं ठेवलं आणि १६८१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. भांड्याचं नाव: डायजेस्टर. त्याचा डोळा हाडांवर होता. हाडांत कोलॅजेन असतं आणि ते दाबाखाली उकडलं की जेली होतं. गरिबांना फेकलेल्या हाडांतून पौष्टिक अन्न मिळावं, ही त्याची खटपट. १६८२ च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या सभासदांनी या भांड्यांत शिजलेलं जेवण घेतलं आणि त्यांतल्याच जॉन एव्हलिननं आपल्या रोजनिशीत त्या मऊ झालेल्या हाडांचं कौतुक लिहून ठेवलं. आपल्याकडे पायाचा रस्सा करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, पण ते तो रात्रभर चुलीवर ठेवत असत.

पापँची दोन कसबं मला फार आवडतात. आतलं तापमान कळायला त्याच्याकडे काही साधन नव्हतं. तो झाकणावरच्या छोट्या खळग्यात पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि लंबकाचे हेलकावे मोजत तो किती वेळात आटतो ते पाहायचा. आणि भांडं फुटू नये म्हणून त्यानं झाकणाला एक भोक पाडून त्यावर तरफेनं वजन टेकवलं. दाब हद्दीबाहेर गेला की वजन उचललं जाई आणि वाफ निसटे. आज आपण शिट्टी म्हणतो ती त्या वजनाची थेट वंशज आहे. पापँ मात्र लंडनमध्ये हलाखीत गेला, १७१३ च्या सुमारास.

त्याचं भांडं गोल नव्हतं, नळकांड्यासारखं होतं. मग कागदवाल्यांनी गोल का केलं?

याचं उत्तर मिळवायला गोळा मनातल्या मनात कापावा लागतो. ३ मीटर व्यासाचा गोळा घ्या, आत दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोचा दाब. तो बरोबर मध्यावर, कलिंगडासारखा कापला तर कापाचं क्षेत्रफळ होतं सुमारे ७०,७०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे आतली वाफ दोन अर्धुकं एकमेकांपासून ढकलायला जवळजवळ ४९५ टनांचा जोर लावते आहे. त्यांना धरून ठेवणारं काय? कापाच्या कडेची पोलादी रेघ, म्हणजे परीघ, ९४२ सेंटिमीटर. भागाकार केला की कडेच्या प्रत्येक सेंटिमीटरवर साधारण ५२५ किलो येतात. आता त्याच व्यासाचं नळकांडं घ्या आणि ते लांबीच्या दिशेनं उभं चिरा. दर सेंटिमीटर लांबीमागे २,१०० किलोचा जोर, आणि तो पेलायला दोन भिंती: म्हणजे प्रत्येकीवर १,०५० किलो. बरोबर दुप्पट. तेवढ्याच दाबाला, तेवढ्याच व्यासाला नळकांड्याचा पत्रा दुप्पट जाड लागतो. बागेतली रबरी नळी फुटते तेव्हा चीर लांबीच्या दिशेनं जाते, ती याच कारणानं. गोळ्याला मात्र अशी कुठली कमकुवत दिशाच नाही; ताण सगळीकडून सारखा.

दुसरा फायदा कातडीचा. एक लिटर पाणी चौकोनी ठोकळ्यात भरलं तर बाहेरचा पृष्ठभाग ६०० चौरस सेंटिमीटर. गोळ्यात भरलं तर ४८४. तेवढा पत्रा वाचतो आणि तेवढी उष्णताही कमी निसटते. तिसरा फायदा कुठल्याही स्वयंपाक करणाऱ्याला ठाऊक असतो: कढईला कोपरा नसतो. कोपऱ्यात पळी पोचत नाही, तिथे एक तर करपतं किंवा कच्चं राहतं. फिरत्या गोळ्यात चिपाड भिंतीवरून चढतं, घसरतं, उलटतं. अडून बसायला त्याला जागाच नसते. वाफ आत जाते तीही त्याच्या पोकळ आसातून, म्हणजे गोळा फिरत राहिला तरी नळी पिळवटत नाही. हे शेवटचं कसब ज्यानं काढलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

मग सगळीच भांडी गोल का नाहीत? कारण गोळा करणं जिवावरचं काम. नळकांड्यासाठी पत्रा एकाच दिशेनं वाकवावा लागतो, गोळ्यासाठी दोन्ही दिशांनी. संत्र्याच्या सालीसारख्या पाकळ्या दाबून घ्यायच्या आणि एकेक जोड वेल्डिंग करत आणायचा. शिवाय गोळा गडगडतो. त्याला पाय लावावे लागतात. कुकर गोल केला तर त्यात वरण-भाताचे डबे बसवणार कसे? दाब थोडा असेल तर हा खटाटोप परवडत नाही. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर हा मधला तोडगा आहे. नीट पाहिलंत तर त्याच्या पोटावर मधोमध एक गोल जोड दिसेल. वाटीसारखे दोन खोल तुकडे तोंडाला तोंड लावून जोडलेले असतात. आणि जिथे साठाच मोठा, तिथे पुन्हा पूर्ण गोळा. चेंबूर-माहुलच्या रिफायनरीकडून जाताना पायांवर उभे असलेले जे प्रचंड पांढरे चेंडू दिसतात, ते गॅसचे गोळे आहेत. त्या जातीचा पहिला गोळा १९२३ मध्ये अमेरिकेत, टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर इथे उभा राहिला. बांधणाऱ्या हॉर्टन घराण्यावरून अजून 'हॉर्टन स्फिअर' म्हणतात.

प्रयोगशाळेतही एक गोल पोट आहे. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत, योहान केल्डाल यांना धान्यातलं प्रथिन मोजायचं होतं. त्यांनी दाणे तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळले. आम्लानं प्रथिनं पार मोडून काढली आणि त्यातला सगळा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात अडकून राहिला. तो मोजला की ६.२५ नं गुणायचं, प्रथिन मिळतं. या पायरीचं नाव 'डायजेशन', आणि ती ज्या काचेच्या चंबूत होते तो लांब मानेचा, गोल बुडाचा. सपाट बुडाच्या चंबूला इतकी आच दिली तर बूड आणि भिंत मिळतात त्या कडेवर ताण साठतो आणि काच तडकते. पद्धत इतकी पक्की की सव्वाशे वर्षांनंतरही प्रथिन मोजायला तीच वापरत होते. पण ती मोजते नायट्रोजन, प्रथिन नव्हे. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळल्याचं उघडकीला आलं. मेलामाइनचं दोन तृतीयांश वजन निव्वळ नायट्रोजनचं, त्यामुळे चंबूच्या लेखी दूध सकस ठरत होतं. सुमारे ३ लाख मुलं आजारी पडली आणि सहा तान्ही मुलं दगावली. यंत्राच्या पोटाला चव नसते.

आता खऱ्या पोटाकडे. ते नेमकं करतं काय, हा वाद अठराव्या शतकात चांगलाच पेटला होता. एक पक्ष म्हणे, जठर जात्यासारखं दळतं. दुसरा म्हणे, रसानं विरघळवतं. १७५२ मध्ये फ्रान्सच्या रेओमुर यांनी पाळलेल्या घारीला मांस भरलेल्या धातूच्या नळ्या गिळायला दिल्या, टोकांना जाळी लावून. घार न पचणारं ओकून टाकते, त्यामुळे नळ्या परत मिळाल्या. मांसाला कुणी दाबलं नव्हतं, तरी ते विरघळत चाललं होतं. इटलीच्या स्पाल्लानझानींनी पुढे स्वतःच कापडी पुरचुंड्या गिळून पाहिल्या.

निकाल लागला तो मात्र एका अपघातानं. ६ जून १८२२ ला अमेरिकेत, मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण हमालाच्या पोटात जवळून बंदुकीचे छर्रे घुसले. तो वाचला, पण जखम बुजली नाही; जठरात उघडणारं भोक कायमचं राहिलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधून मांसाचे, कोबीचे, पावाचे तुकडे आत सोडले, तासातासानं ओढून पाहिले आणि पुन्हा सोडले. सेंट मार्टिनला हे आवडत नसे. तो चिडे, पळून जाई. त्याची गरिबी आणि डॉक्टरांची जिज्ञासा यांचं ते नातं काही सरळ नव्हतं. पण एक प्रयोग निर्णायक ठरला. बोमाँटनी त्याच्या जठरातला रस कुपीत काढला, कुपी अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात ठेवली आणि तीत मांस टाकलं. थोडं सावकाश, पण ते तसंच विरघळलं. पोटाबाहेर काचेच्या पोटात पचन झालं. १८३३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, आणि जठर हे रासायनिक भांडं आहे याबद्दल फारसं बोलायला कुणी उरलं नाही.

पण हे भांडं पापँच्या भांड्याच्या अगदी उलटं वागतं. लोखंडी पोट ताण सोसतं. आपलं जठर ताण घेतच नाही. घास येतोय म्हणताच त्याचे स्नायू सैल होतात. रिकामं असताना मुठीएवढं, जेवणानंतर लिटर-दीड लिटर, आणि तरी आतला दाब जेमतेमच वाढतो. तापमान ३७ अंश, म्हणजे कारखान्याच्या हिशेबात थंडगारच. उष्णतेची ती सगळी उणीव एन्झाइम, म्हणजे पेप्सिनसारखी पाचक द्रव्यं, भरून काढतात. प्रश्न उरतो तो भांड्याच्या जिवाचा: मांस विरघळवणारं आम्ल मांसाच्याच पिशवीत कसं राहतं? जठराचं अस्तर घट्ट श्लेष्म्याचा लेप लावून घेतं, आणि तरी झिजलेल्या पेशी दर काही दिवसांनी नव्यानं घालतं. आम्लानं लाकूड पचवणाऱ्या कागद कारखान्यांनाही हीच अडचण आली आणि त्यांनी पोलादाला आतून आम्ल न लागणाऱ्या विटांचं अस्तर लावलं. फरक इतकाच, की विटा स्वतःहून नव्या होत नाहीत.

जठरापुढे मात्र शरीर गोल आकार सोडून देतं. गोळ्याचा गुण कमीत कमी पृष्ठभाग. शोषून घ्यायला तर हवा जास्तीत जास्त. म्हणून पुढे कित्येक मीटर लांबीची आतड्याची नळी, घड्या घातलेली, आतून मखमलीसारखी. डेबोरा पेन्री आणि पीटर जुमार्स या शास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्राण्यांच्या पचनमार्गाचा हिशेब सरळ रासायनिक कारखान्यासारखा मांडला: पिशवी म्हणजे ढवळती टाकी, आतडं म्हणजे नळीतून सरकत जाणारा माल. कागद कारखान्यांतही हेच दोन पंथ आहेत. लहान कारखान्यात पाळीपाळीनं भरायचा गोळा, आणि मोठ्यात उंच मनोरा: वरून लाकडाच्या चिपा पडत राहतात, खालून लगदा निघत राहतो, झाकण उघडायची वेळच येत नाही.

खरा बिनचूक गोळा शरीरात पाहायचा तर सूक्ष्मदर्शकाखाली जावं लागतं. अमिबा अन्नकण गिळतो तो पडद्याच्या एका फुग्यात गुंडाळून. आपल्या पेशींतही पाचक रसांच्या अशाच इवल्या थैल्या असतात. ख्रिश्चन द डूव यांनी १९५५ मध्ये त्यांना 'लायसोसोम' नाव दिलं आणि पुढे १९७४ मध्ये नोबेल घेतलं. थैलीच्या आत आम्लता बाहेरच्यापेक्षा शंभरपटीहून जास्त. थैली फुटली तर? सांडलेली बहुतेक एन्झाइम बाहेरच्या कमी आम्लात लुळी पडतात. म्हणजे झाकण गेलं तरी स्वयंपाकी हात आखडता घेतो. पापँला हे जमलं असतं तर वजनाची गरज पडली नसती.

आणि मग गाय. मोठ्या गाईच्या पोटातला पहिला कप्पा शंभर-दीडशे लिटरचा, आत हवा नाही, उब ३९ अंशांची, आणि अब्जावधी जिवाणू सेल्युलोज फोडताहेत. कागदवाला जे सेल्युलोज जपतो तेच इथे खाद्य आहे. या कामात मिथेन तयार होतो आणि गाय तो ढेकरांवाटे सोडते, दिवसाला २५० ते ५०० लिटर. हे जिवाणू शेणातूनही बाहेर येतात, म्हणून गोबरगॅसच्या टाकीला वेगळं विरजण लावावं लागत नाही. ती टाकी म्हणजे गोठ्यामागे पुरलेलं गाईचं आणखी एक पोट.

या गॅसच्या इतिहासात मुंबईचं नाव बरंच वर लागतं. १८९७ मध्ये माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्याच्या बंद टाक्यांमधला गॅस गोळा करायची सोय केली गेली आणि पुढे त्यावर इंजिनही चालवलं. हे रुग्णालय ज्यांच्या खटपटीनं १८९० मध्ये उभं राहिलं ते मुंबईचे पालिका आयुक्त एच. ए. ॲकवर्थ. मराठी वाचकाला हे नाव दुसऱ्याच कारणानं ओळखीचं असेल: शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह छापणारे ॲकवर्थ ते हेच. पोवाडे आणि मैल्याची टाकी एका माणसाच्या चरित्रात शेजारी शेजारी बसावीत, याचं मला अजून हसू येतं आणि आदरही वाटतो.

गावोगावी दिसायची ती खादी ग्रामोद्योगवाली टाकी: खाली विटांची विहीर, वर लोखंडी डबा, गॅस भरला की डबा वर उचलला जायचा. डब्याच्या वजनानं दाब कायम सारखा राहतो, ही खुबी. दोष एकच, डबा गंजतो. १९८४ मध्ये 'दीनबंधू' नावाचा आराखडा आला, त्यात लोखंड गेलं आणि गोळा परत आला. वेगवेगळ्या त्रिज्यांच्या दोन गोळ्यांचे तुकडे काठाला काठ लावून जोडायचे, खाली उथळ परात आणि वर घुमट, सगळं विटा-सिमेंटचं आणि जमिनीखाली. आतला दाब इथे नगण्य, फार तर मीटरभर पाण्याच्या उंचीइतका. मग घुमट कशाला? वीट दाबली तर सोसते, ओढली तर लगेच उकलते. वरच्या मातीचं ओझं घुमट मुख्यतः दाबाच्या रूपात जमिनीत उतरवतो. गिलावा करायचा पृष्ठभागही कमी, म्हणजे गॅस झिरपायच्या जागा कमी. कागद कारखान्यात गोळा आतून येणाऱ्या जोराशी झुंजतो. इथे तोच आकार बाहेरून येणाऱ्या जोराशी.

साधारण २५ किलो शेणातून एक घनमीटर गॅस मिळतो, पण त्याला महिना-दीड महिना मुरावं लागतं. का इतका वेळ? पुण्याच्या 'आरती' संस्थेच्या आनंद कर्वे यांनी याचं उत्तर ठसवलं: शेण हे गाईनं आधीच पचवून उरलेलं आहे. त्यातलं सोपं सगळं गाईनं घेतलेलं असतं. त्याऐवजी पिठूळ, गोड खरकटं घातलं तर तेच जिवाणू दिवसा-दोन दिवसांत गॅस देतात. त्यांच्या घरगुती संयंत्राला २००६ चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. देहूत डॉ. सु. वि. मापुसकरांनी १९६० च्या आसपासपासून आयुष्यभर संडासांचं काम केलं आणि संडासाला गॅसची टाकी जोडून दाखवली. "त्या गॅसवर भाकरी?" हा प्रश्न त्यांनी किती अंगणांत ऐकला असेल! ज्योत निळीच असते. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

शहरांच्या मैल्याला एवढ्याशा टाक्या पुरत नाहीत, आणि तिथे शुद्ध गोळाही कमी पडतो. वाळू तळाशी पसरून बसते आणि वर मळीची साय धरते. म्हणून जर्मन अभियंत्यांनी गोळा दोन्हीकडून ओढून त्याचं अंडं केलं: खाली उताराचं टोक, तिथे वाळू एका जागी जमते आणि काढता येते; वर अरुंद मान, तिथे साय धरायला जागा कमी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये अशी आठ पोलादी अंडी आहेत, प्रत्येक सुमारे ४४ मीटर उंच, रात्री निळ्या दिव्यांत उजळलेली. बॉस्टनजवळच्या डिअर आयलंडवर बारा आहेत. लोक त्यांचे फोटो काढतात.

आपल्याकडच्या टाक्या इतक्या देखण्या नाहीत आणि त्यांत दर वर्षी माणसं मरतात. टाकी रिकामी केली, मग साफ करायला कुणी उतरतो. आत प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. उतरलेला कोसळतो, त्याला ओढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. तुमच्या गोठ्यामागे गोबरगॅस असेल किंवा सोसायटीत सेप्टिक टाकी असेल, तर त्या झाकणातून कुणालाही आत उतरवू नका, काडी ओढून आत डोकावू नका, आणि आत कुणी पडलंच तर मागोमाग उडी न मारता अग्निशमन दलाला १०१ वर बोलवा.